अभियांत्रिकीच्या पहिल्या सत्रात मागे पडलेल्या विद्यार्थिनीस

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यार्थिनी उदगीर तालुक्यातील एका खेड्यातून पुण्याला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आली आहे. दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमात झाले, अकरावी-बारावी लातूरला शिकवणी लावून झाली, आणि केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या अगदी शेवटच्या टप्प्यात प्रवेश मिळाल्यामुळे तास सुरू होऊन तीन आठवडे उलटल्यावर ती वर्गात पोहोचली. सत्राच्या मध्यावर झालेल्या परीक्षेत तिला गणितात 30 पैकी 7 गुण पडले. वर्गात काय चालले आहे ते कळत नाही, खोलीवरच्या मुली आपसांत इंग्रजीत बोलतात, रविवारी रडू येते, आणि वडील म्हणतात, "झेपत नसेल तर परत ये, इथेच बीएस्सी कर." ती विचारते: बारावीपर्यंत सगळे मला हुशार म्हणत होते, ते खोटेच होते का? आणि मी परत जावे का?

मी तेवीस वर्षे पहिल्या वर्षाला गणित शिकवते आहे आणि त्यातली बरीच वर्षे जीएफएम, म्हणजे वीस-पंचवीस विद्यार्थ्यांची पालक शिक्षक, म्हणूनही काम केले आहे. तुमच्यासारखे पत्र मला जवळजवळ दरवर्षी कोणी ना कोणी लिहिते किंवा केबिनच्या दाराशी उभे राहून बोलून दाखवते. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. पहिल्या सत्रात जे विद्यार्थी खरोखर बुडाले, त्यांतले फार थोडे बुद्धी कमी पडली म्हणून बुडाले. इंग्रजीमुळे बुडालेलेही थोडेच. बहुतेक जण बुडाले ते आपल्याला येत नाही हे झाकून ठेवल्यामुळे. झाकली मूठ सव्वा लाखाची असे आपण म्हणतो, पण पहिल्या सत्रात ही म्हण फार महागात पडते, कारण इथे मूठ जितके दिवस झाकलेली राहते तितका मागचा अभ्यास साचत जातो, आणि शेवटी ती उघडते ती निकालाच्या दिवशीच.

आता तुमचे 7 गुण घेऊ. लातूरकडची पद्धत तुम्ही जवळून पाहिली आहे. तिचे सारे बळ पुन्हा पुन्हा घेतलेल्या सराव परीक्षांत आहे. दर आठवड्याला चाचणी, तिचे गुण फळ्यावर, चुकलेल्या गणिताची लगेच उजळणी. त्या दोन वर्षांत तुम्ही कुठे आहात हे तुम्हाला दर सात दिवसांनी कोणीतरी सांगत होते. महाविद्यालयात आल्याबरोबर हे सांगणे थांबते. तास होतात, फळा भरतो, वही भरते, कोणी रागावत नाही, आणि पहिला आकडा हाती येतो तो सात-आठ आठवड्यांनी. तोपर्यंत आपले बरे चालले आहे की नाही हे कळायला विद्यार्थ्याकडे काहीच साधन नसते. तुम्ही तर त्यात तीन आठवडे उशिरा आलात, आणि मध्यसत्र परीक्षा सर्वसाधारणपणे पहिल्या एक-दोन घटकांवर असते, म्हणजे ज्या भागाला तुम्ही वर्गातच नव्हता त्या भागावर. त्यामुळे 7 हा आकडा तुमच्या बुद्धीचे माप म्हणून घेता येत नाही. न ऐकलेल्या तासांचे माप म्हणूनच मी तो घेईन. 100 पैकी 40 गुणांवर उत्तीर्ण धरत असतील तर तुम्हाला सत्रान्त परीक्षेत 70 पैकी 33 हवे आहेत. सत्रान्त परीक्षेत वेगळे किमान गुण लागतात का, तेवढे परीक्षा विभागाच्या नियमपत्रकात पाहून घ्या. 70 पैकी 33 ही अवघड गोष्ट आहे, पण अशक्य नाही, आणि मी ती घडताना अनेकदा पाहिली आहे.

झाकणे म्हणजे नेमके काय, ते एका विद्यार्थ्यावरून सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात जालन्याकडचा एक मुलगा होता. खांबाच्या मागच्या बाकावर बसायचा, हजेरी पूर्ण, वही सुंदर. जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, तर इतके नेटके की मी ते इतरांना दाखवले होते. मध्यसत्र परीक्षेत त्याला 4 गुण मिळाले तेव्हा मी त्याला बोलावून वहीतले एक साधे उदाहरण पुन्हा सोडवायला सांगितले. एक्सचा वर्ग गुणिले वाय, याचे एक्सच्या सापेक्ष आंशिक अवकलन. उत्तर येते दोन एक्स वाय. त्याने लिहिले, दोन एक्स वाय अधिक एक्सचा वर्ग गुणिले डीवाय बाय डीएक्स. मी विचारले, पुढचे पद कुठून आले? तो म्हणाला, "मॅडम, गुणाकाराचा नियम लावला." बारावीत वाय हा एक्सवर अवलंबून असतो, म्हणून वायचेही अवकलन करायची त्याला सवय होती आणि ती सवय चांगलीच होती. इथे वायला स्थिर धरायचे आहे, एवढे एक वाक्य त्याच्या कानावरून निसटले होते. सांगायला मला दोन मिनिटे लागली. पण त्या एका वाक्यावाचून त्याचे पाच आठवडे गेले होते, कारण आंशिक अवकलनावर उभा असलेला पुढचा सारा भाग त्याने फळ्यावरून उतरवून घेतला होता, समजून घेतला नव्हता. आणि पाच आठवड्यांत त्याने एकदाही हात वर केला नव्हता. मी कारण विचारले तर म्हणाला, सगळ्यांना येत होते, मलाच येत नव्हते.

सगळ्यांना येत नव्हते. त्याच परीक्षेत तीच चूक करणारे आणखी कितीतरी पेपर मी तपासले होते. मी ते त्याला सांगितल्यावर त्याचा चेहरा बदलला, तो मला अजून आठवतो. तेव्हापासून मी पहिल्या तासालाच सांगते की, या वर्गात जो प्रश्न तुम्हाला लाजिरवाणा वाटतो तो निदान दहा जणांच्या मनात असतो. हे तुमच्या वर्गातही खरे आहे. फळ्याकडे पाहून मान डोलावणाऱ्या सगळ्या मुली समजूनच मान डोलावतात असे मानू नका.

विचारायचे कसे, हाही शिकण्याचा भाग आहे. "मला काहीच समजत नाही" असे म्हणत केबिनमध्ये आलेल्या विद्यार्थ्याला मदत करणे शिक्षकालाही अवघड जाते, कारण सुरुवात कुठून करायची ते त्यालाही कळत नाही. त्यापेक्षा एक लहान वही करा. गणित सोडवताना जिथे अडले ती ओळ तशीच उतरवा, खाली तारीख टाका आणि एक वाक्य लिहा: तिसऱ्या ओळीत ऋण चिन्ह कुठून आले, किंवा इथे हा नियम का लावला. आठवड्यात असे तीन प्रश्न जमले की ती वही घेऊन जा. कोणताही शिक्षक, अगदी तापट म्हणून ओळखला जाणारासुद्धा, असा नेमका प्रश्न परतवून लावत नाही, असा माझा अनुभव आहे. तासाच्या शेवटी घाईत विचारण्यापेक्षा दुपारच्या सुट्टीनंतर किंवा प्रात्यक्षिकाच्या वेळी विचारणे चांगले. वर्गात साठ-सत्तर विद्यार्थी असतात, प्रात्यक्षिकाच्या बॅचला वीसच्या आसपास. जर्नल तपासून सही घ्यायला तुम्ही जाता ती दोन-तीन मिनिटे म्हणजे शिक्षकाची तुमच्या एकटीशी होणारी हमखास भेट असते. बहुतेक विद्यार्थी ही भेट सबमिशनच्या आठवड्यात दहा-दहा प्रयोगांच्या सह्या एकदम घेऊन वाया घालवतात. ज्या आठवड्यातला प्रयोग त्याच आठवड्यात लिहून नेला तर सहीबरोबर एक शंकाही सुटते, आणि सत्राच्या शेवटी रात्ररात्र जागून दुसऱ्याचे जर्नल उतरवण्याची वेळ येत नाही.

इंग्रजीबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण या बाबतीत मुले चुकीच्या जागी घाम गाळतात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला पारिभाषिक शब्द अडवतात असे सर्वांना वाटते. प्रत्यक्षात मॅट्रिक्स, डिटरमिनंट, डेरिव्हेटिव्ह हे शब्द तुम्ही अकरावी-बारावीत पचवलेले असतात. अडवतात ते वाक्य जोडणारे लहान शब्द. 'हेन्स', 'अदरवाइज', 'अनलेस', 'सच दॅट', 'प्रोव्हायडेड दॅट', 'रिस्पेक्टिव्हली', 'विथ रिस्पेक्ट टू'. प्रश्नपत्रिकेत "हेन्स फाइंड" असे आले की त्याचा अर्थ होतो, वर जे सिद्ध केले त्याचाच आधार घेऊन पुढचे काढा. हा अर्थ ठाऊक नसलेला विद्यार्थी दुसरा भाग नव्याने सोडवायला घेतो, दोन पाने भरतो आणि वेळ संपल्यावर म्हणतो, पेपर लांब होता. 'अनलेस'चा अर्थ उलटा घेतल्यामुळे संपूर्ण अट उलटी वाचलेले पेपरही मी पाहिले आहेत. असे शब्द माझ्या हिशेबाने चाळीसच्या आसपास आहेत. मागच्या तीन-चार वर्षांच्या प्रश्नपत्रिका घेऊन बसा, वाक्य जोडणाऱ्या ज्या शब्दांचा अर्थ कळत नाही त्यांखाली रेघ मारा, शेजारी मराठी अर्थ लिहा. एका आठवड्याचे काम आहे, आणि इंग्रजी संभाषणाच्या कोणत्याही वर्गापेक्षा या सत्रात तुम्हाला त्याचा जास्त उपयोग होईल.

समजून घेताना मराठीचा आधार घ्यायला अजिबात संकोच करू नका. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीची पुस्तके भारतीय भाषांत करून घेतली असून त्यांतली मराठी पुस्तके परिषदेच्या ई-कुंभ या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. एखादी संकल्पना मराठीत वाचावी, मैत्रिणीला मराठीतच समजावून सांगावी, आणि मग उत्तर मात्र इंग्रजीत, स्वतःच्या हाताने, लिहून पाहावे. लिहिण्याचा हा शेवटचा टप्पा गाळणारे विद्यार्थी "समजले होते, लिहिता आले नाही" असे म्हणत परीक्षेतून बाहेर येतात.

खोलीवरच्या मुली इंग्रजीत बोलतात म्हणून त्या तुमच्यापासून दूर आहेत, असे ठरवून टाकू नका. बोलण्याचे इंग्रजी आणि गणिताचे इंग्रजी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फाडफाड बोलणाऱ्या मुलीला आंशिक अवकलन येतेच असे नाही.

आता अभ्यास कोणाबरोबर करावा याविषयी. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्रीझमन हे गणिताचे तरुण शिक्षक होते. पहिल्या वर्षाच्या कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत, तर चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले गुण मिळवत. त्यांच्या सहकाऱ्यांनी कारणे सुचवली: आवड नाही, पूर्वतयारी कमी, घरचा पाठिंबा नाही, गरिबी. ट्रीझमन यांनी अंदाजावर विसंबून न राहता दोन्ही गटांतले विद्यार्थी अभ्यास कसा करतात ते त्यांच्यात मिसळून पाहिले. ती सारी कारणे टिकली नाहीत. नापास होणारे विद्यार्थी कष्टाळू होते, आपापल्या गावच्या शाळांतून नावाजून आलेले होते, आणि ते एकटे अभ्यास करत. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. अडले की आपणच कमी पडतो असे मानून आणखी एकट्याने तास घालवत. चिनी विद्यार्थी आधी एकटे सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत, त्यामुळे चूक त्याच संध्याकाळी सापडे, आणि जे गणित कोणालाच सुटले नाही ते मुळातच अवघड आहे हेही कळे. पुढे ट्रीझमन यांनी अवघड गणिते एकत्र बसून सोडवण्याचे वर्ग सुरू केले आणि त्यांत आलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल स्पष्टपणे सुधारले. हे वाचल्यावर मला आमच्याकडे मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून येणारी, गावात पहिली आलेली आणि पुण्यात खोलीचे दार लावून एकटी झगडणारी मुले डोळ्यांसमोर आली.

तुम्हाला मोठा गट नको आहे, तिघी पुरेत. त्यांतली एक तुमच्यासारखीच उशिरा आलेली असली तर उत्तम, कारण तिच्यासमोर झाकण्यासारखे काही नसते. उशिरा प्रवेश घेतलेल्यांची नावे हजेरीपटाच्या तळाशी असतात, शोधायला सोपी आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी ग्रंथालयात किंवा रिकाम्या वर्गात दीड तास बसायचे. नियम एकच ठेवा: प्रत्येकीने ती गणिते आधी एकटीने करून पाहिलेली असली पाहिजेत, अर्धवट राहिली तरी चालतील. हा नियम मोडला की एक जण सोडवते आणि दोघी उतरवतात, मग तिघींनी एकत्र बसण्याला अर्थ राहत नाही.

एकटीने वाचताना वही पुन्हा पुन्हा चाळण्याची सवय मात्र सोडा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना काही उतारे वाचायला दिले होते. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटले. पुन्हा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना 56. रात्री वही वाचून "सगळे येते" असे का वाटते आणि परीक्षेत ते कुठे जाते, याचे उत्तर यात आहे. लातूरला दर रविवारी होणारी चाचणी तुमच्यासाठी हेच काम करत होती. आता ती तुम्हालाच घ्यावी लागेल. रविवारी सकाळी वही मिटून, घड्याळ लावून, त्या आठवड्यात शिकवलेल्या भागावरची तीन गणिते सोडवायची, गुण स्वतः द्यायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचे. आठवड्याचा जो आकडा तुमच्याकडून हिरावला गेला होता तो असा परत मिळतो.

बुडालेले तीन आठवडे कसे भरून काढायचे? इथे उशिरा आलेली जवळजवळ सर्व मुले एक चूक करतात. ती पहिल्या घटकापासून सुरुवात करतात. पहिला घटक होईपर्यंत वर्ग चौथ्या घटकावर गेलेला असतो, आणि मागचे कधीच संपत नाही, चालू असलेलेही निसटते. तुम्ही आजच्या तासापासून सुरुवात करा. आज शिकवलेले आजच रात्री सोडवा, आणि त्यात मागचे जे लागते आहे तेवढेच मागे जाऊन पाहा. उर्वरित मागचा भाग रोज अर्ध्या तासापुरता वेगळा ठेवा. या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे. सुरुवातीच्या वर्षांत उशिरा आलेल्या एका मुलाला मी मागच्या सगळ्या नोट्सच्या झेरॉक्स दिल्या आणि माझे काम झाले असे समजले. तो गठ्ठा त्याने सत्रभर दप्तरात वागवला, उघडला नाही, आणि पहिले सत्र संपायच्या आत तो गावी निघून गेला. त्याला कागदांची नव्हे तर कुठून सुरू करायचे हे सांगण्याची गरज होती, आणि ते मी सांगितले नाही याचे मला आजही वाईट वाटते.

वेळ पुरत नाही असे तुम्ही लिहिलेले नाही, पण पुढे लिहाल. आठवड्याचे तास 168. झोपेचे 52, महाविद्यालय आणि येण्याजाण्याचे 40, जेवण, आंघोळ, कपडे, मेसपर्यंतची पायपीट यांचे 25 धरा. तरी 51 उरतात. त्यांतले सोळा-सतरा तास मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून अभ्यासाला दिले तरी पहिल्या वर्षाला पुरे आहेत. इंजिनिअरिंग ग्राफिक्सच्या शीट मात्र रात्री काढू नका. दमलेल्या डोळ्यांनी रेघा आखायचा ड्राफ्टर हलतो, रेघ चुकते आणि खोडून खोडून कागद फाटतो. सकाळचे दोन तास त्यांच्यासाठी राखा.

रविवारच्या रडण्याविषयी. पुण्यात बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात. रस्ते भरलेले, खोलीवरच्या मुली नातेवाइकांकडे गेलेल्या, आणि जेवायचे काय हा प्रश्न. घरची आठवण सर्वांत जास्त याच वेळी येते, आणि नेमका याच वेळी घरचा फोन येतो. तुम्ही रडता, आई रडते, वडील म्हणतात परत ये. हे मी इतक्या मुलींच्या बाबतीत पाहिले आहे की, मी आता पालकांनाच सांगते, मोठे निर्णय रविवारी संध्याकाळी फोनवर घेऊ नका. रविवारचे रात्रीचे जेवण आधीच कोणाबरोबर तरी ठरवून ठेवा. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरते भाडे देऊन, राहणाऱ्या दोन-तीन मुलींनी मिळून खिचडी टाकली तरी ती संध्याकाळ निभावते. आणि दर शनिवारी रात्रीच्या गाडीने गावी जाण्याचा मोह दिवाळीपर्यंत आवरा. रात्रभराचा प्रवास जाताना, रात्रभराचा येताना, आणि सोमवार तासाला पेंगण्यात जातो. शिवाय इथे कोणी जोडले जात नाही, कारण मैत्री होते ती याच सुट्टीच्या दिवसांत.

पैशांची अडचण असेल तर तीही झाकू नका. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेल्या आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या मुलींसाठी राज्य सरकारने जुलै 2024 मध्ये शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत जाहीर केली. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. सामाजिक प्रवर्गांनुसार इतर योजनाही आहेत. हे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी या संकेतस्थळावर करावे लागतात, आणि उशिरा प्रवेश घेतलेल्यांचेच अर्ज राहून जातात, म्हणून याच आठवड्यात महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती खिडकीवर जाऊन आपला अर्ज कुठे अडला आहे ते विचारा.

तुमच्या पत्रात रॅगिंगचा उल्लेख नाही, तरी एक वाक्य लिहिते. महाराष्ट्रात 1999 पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे आणि 1800-180-5522 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करता येते. त्याहून महत्त्वाचे असे की, रडू येणे आणि आजारी पडणे यांत फरक असतो. दोन-तीन आठवडे झोप लागत नाही, जेवण जात नाही, अंथरुणातून उठवत नाही, घरचा फोनही घ्यावासा वाटत नाही, किंवा जगणे नकोसे वाटते, असे काही होत असेल तर गणित, परीक्षा, हजेरी सगळे बाजूला ठेवून त्याच दिवशी कोणाला तरी सांगा: जीएफएमला, वसतिगृहाच्या रेक्टरला, खोलीवरच्या मुलीला. टेलि-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

राहिला परत जाण्याचा प्रश्न. बीएस्सी हा कमी दर्जाचा मार्ग आहे असे मी मुळीच मानत नाही. माझे स्वतःचे शिक्षण त्याच मार्गाने झाले आहे. प्रश्न एवढाच आहे की, तुम्ही आवडीने तिकडे जात आहात की इथून पळत आहात. समजत नाही म्हणून आवडत नाही, आणि समजले तरी आवडत नाही, या दोन निराळ्या अवस्था आहेत, आणि आज तुम्ही कोणत्या अवस्थेत आहात हे तुम्हालाही सांगता येणार नाही, कारण समजण्याची संधीच अजून मिळालेली नाही. म्हणून हा निर्णय पहिल्या सत्राच्या निकालापर्यंत पुढे ढकला. एखादा विषय राहिला तरी एटीकेटीच्या नियमात पुढे जाता येते. किती विषयांची मुभा आहे ते कार्यालयात विचारून ठेवा, म्हणजे भीतीला एक आकडा मिळेल. निकाल लागल्यावर, गणित सुटू लागल्यानंतरही यंत्रे, विद्युत मंडले, प्रोग्रॅम यांत मन रमत नसेल, तर मी स्वतः तुमच्या वडिलांना फोन करून सांगेन की, हिला विज्ञान शाखेला जाऊ द्या.

वडिलांना मात्र 7 गुण आजच सांगा. मुलगी रडते आहे एवढेच त्यांना दिसते, म्हणून ते परत ये म्हणतात. त्यांनी शेतात एखादे पीक हातचे जाताना आणि दुसरे उभे करताना पाहिलेले आहे, आकडा ऐकून ते खचणार नाहीत. सांगताना तीन गोष्टी एकत्र सांगा: तीन आठवड्यांचे तास बुडाले होते, आता 70 पैकी 33 हवे आहेत, आणि दर रविवारी दुपारी मी तुम्हाला त्या आठवड्याच्या चाचणीचा आकडा कळवीन. मग पुढच्या रविवारी 15 पैकी 3 आले तरी तो तसाच कळवा.